उघडता येणाऱ्या वस्तू

लॅपटॉप पालथा घातला की त्याचं खरं वय कळतं. वरचं झाकण पुसून लख्ख करता येतं, पण पाठीचे रबरी पाय झिजलेले असतात, एखादा कधीच पडून गेलेला असतो. परवान्याच्या चिठ्ठीवरचे आकडे मांडीच्या उबेनं आणि घामानं उडालेले असतात. पंख्याच्या जाळीशी करड्या धुळीची घट्ट लादी बसलेली असते. बारका स्क्रू-ड्रायव्हर घेऊन एकेक स्क्रू सैल करावा, आखूड-लांब बघून वेगवेगळ्या वाट्यांत ठेवावा आणि शेवटी नखानं कड उचलावी. मग ‘टक्’ असा आवाज होतो आणि झाकण सुटतं. त्या आवाजाला मी दरवेळी थोडी दचकते. काहीतरी मोडलं असं वाटतं. मोडलेलं काहीच नसतं. बंद राहायची सवय लागलेली एक वस्तू उघडलेली असते.

हा लॅपटॉप माझ्या भाचीचा. 2013 साली तिला सांगलीच्या वालचंद कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा ताईनं घेतलेला. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची फिरती हार्ड डिस्क. चार वर्षं सबमिशनं, प्रोजेक्टं आणि मैत्रिणींच्या पेनड्राइव्हमधून आलेले व्हायरस असं सगळं त्यानं सोसलं. भाची नोकरीला पुण्याला गेली, तिला तिथं नवा मिळाला आणि हा गावभागातल्या घराच्या माळ्यावर गेला. माळ्यावर गेला म्हणूनच वाचला. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर चढलं, तेव्हा ताईच्या घरात खालचं काहीच राहिलं नाही. पाणी ओसरल्यावर मी साताऱ्याहून गेले होते. रस्त्याच्या दोन्ही कडांना घराघरांतल्या वस्तूंचे ढीग लागले होते. चिंब गाद्या, फुगून फाटलेली प्लायवूडची कपाटं, फ्रिज, मिक्सर, टीव्ही, एकमेकांना चिकटून गेलेल्या वह्या. एका ढिगात कीबोर्ड होता; त्याच्या कळांच्या मधल्या फटींत गाळ भरून वाळला होता आणि त्यावर अक्षरं मात्र स्वच्छ दिसत होती.

पुरानं नेलं त्याची हळहळ सगळ्यांना कळते. धडधाकट असून बाद ठरलेल्या वस्तूंविषयी मात्र कुणी फारसं बोलत नाही. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला. त्या तारखेनंतर त्या प्रणालीला सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या आपोआप मिळणं थांबलं. विंडोज 11 ला साधारण आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 नावाची सोय लागते. त्यामागं सुरक्षेची खरी कारणं आहेत, ती मी नाकारत नाही. पण ताईच्या माळ्यावरच्या यंत्राचा पडदा नितळ होता, कळा शाबूत होत्या, बिजागरी घट्ट होती. ते म्हातारं झाल्याचा निर्णय त्याच्याकडं न बघता, फार लांब कुठंतरी झाला होता. वस्तू जुनी झाली हे कुणी ठरवायचं? वापरणाऱ्यानं, दुरुस्त करणाऱ्यानं, की बनवणाऱ्यानं? आपल्याकडं हा अधिकार पूर्वापार पहिल्या दोघांचा होता.

साताऱ्याहून कोयना एक्स्प्रेसनं सांगलीला निघालं की हा विचार खिडकीतूनच आत येतो. स्टेशन शहराबाहेर, माहुलीच्या अंगाला. तिथपासून कृष्णा कधी जवळ, कधी ऊस आणि आंब्याच्या झाडांआड अशी सोबत करते. कऱ्हाड जातं, ताकारी जातं, मग किर्लोस्करवाडी. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी त्या माळावर कारखाना उभारला. त्यांच्या लोखंडी नांगरानं जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी सुरुवातीला तो घ्यायला तयार नव्हते. पुढं याच भागातल्या शेतकऱ्यांनी लोखंड असं आपलंसं केलं, की पंप बिघडला तर तालुक्याच्या गावातला मिस्त्री तो बांधावर बसून उघडतो, बेअरिंग बदलतो, वाइंडिंगला देतो आणि संध्याकाळी पाणी सुरू. माझ्या वडिलांच्या विहिरीवरच्या पंपाचा मूळ भाग आता नक्की कोणता उरला असेल, सांगता येणार नाही. तरी घरात सगळे त्याला जुना पंपच म्हणतात, आणि त्या ‘जुना’मध्ये कौतुक असतं.

गाडी पुढं मिरजेला जाते. तिथल्या सतारमेकरांच्या गल्लीत मी तंबोऱ्याची जवारी काढताना बघितली आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण काम पिढ्यान्‌पिढ्यांचं. वर्षानुवर्षं तारा घासून घोडीच्या माथ्यावर बारीक खाचा पडतात आणि स्वर बसका होतो. वाद्य संपलं असं ऐकणाऱ्याला वाटतं. कारागीर ती घोडी कानशीनं अगदी हलक्या हातानं घासतो, तार चढवतो, छेडतो, कान देतो, तार उतरवतो, पुन्हा घासतो. भोपळा तोच, दांडी तीच, आणि एका क्षणी स्वर उघडतो. बाहेरच्या खोलीत बसलेल्या माणसालाही तो कळतो. जुन्या लॅपटॉपवर नवी प्रणाली बसवणं मला या कामाच्या सगळ्यात जवळचं वाटतं. यंत्र तेच राहतं, त्याचा माथा घासून नीट करायचा असतो.

लिनक्स या प्रणालीची ओळख मला भाचीनं करून दिली. वालचंदमध्ये मुलांचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे. तिथं वरच्या वर्गातली मुलं खालच्या वर्गातल्यांना शिकवतात. ती शिकवलेली माणसं मग घरी येऊन मावशीला शिकवतात. मी निवडलं ते लिनक्स मिंट, त्यातही एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. दोन जीबी रॅमवरही ती चालते, चार असले तर आरामात. त्याआधी फिरती हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवली. जुन्या यंत्राला याहून मोठा दिलासा नाही, आणि तेवढ्यासाठी कुठल्याही तज्ज्ञाची गरज नाही: चार स्क्रू, एक खाच, हलकेच सरकवायचं. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं पुसले. पंख्यातली लादी मऊ ब्रशनं सोडवली, तेव्हा ती अखंड निघाली.

बसवायच्या प्रणालीची फाइल अडीच-तीन जीबीची. ती पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही; यंत्राला त्याच्यावरून सुरू होता येईल अशा रीतीनं लिहावी लागते. मग लॅपटॉप चालू करताना एफ-ट्वेल्व्ह किंवा त्या कंपनीनं ठरवलेली दुसरी कळ दाबत राहायचं, यादीतून पेनड्राइव्ह निवडायचा आणि थांबायचं. मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट पुढं येते. लिनक्स आधी काहीही न पुसता, पेनड्राइव्हवरूनच पूर्ण चालून दाखवतं. आवाज येतो का बघा, कॅमेरा बघा, पडद्याचा उजेड कमी-जास्त करून बघा. पसंत पडलं तर बसवा, नाहीतर पेनड्राइव्ह काढा, तुमचं जुनं जसंच्या तसं आहे. इतकी सभ्य वागणूक यंत्राकडून क्वचित मिळते.

बसवताना ते मोजकेच प्रश्न विचारतं. भाषांच्या लांबलचक यादीत ‘मराठी’ मराठीतच लिहिलेलं दिसतं. जगाच्या नकाशावर आपली जागा दाखवायची असते. सांगलीवर टिचकी मारली तरी वर नाव उमटतं कोलकाता, कारण सगळ्या भारताची वेळ त्या नावानं नोंदवलेली आहे. डिस्कची वाटणी कशी करायची हा प्रश्न तेवढा जपून वाचावा, तिथं पुसलेलं परत येत नाही. भाचीचे फोटो आम्ही आधीच दुसरीकडं ठेवले होते. प्रणालीला एक भाग, घरच्या फायलींना वेगळा. पुढं कधी प्रणाली बदलली तरी घर हलवावं लागणार नाही, ही मांडणी करणाऱ्यानं माणसाचा विचार केलेला आहे.

बसवून झालं, पण वायफाय चालेना. चिप बनवणाऱ्यांनी तिचं अंतरंग सगळ्यांना खुलं केलेलं नसलं, की असं होतं. मग तिच्यासाठीचं बंद चालकसॉफ्टवेअर वेगळं आणावं लागतं, आणि ते आणायला इंटरनेट हवं. फोन केबलनं जोडून त्याचं नेट लॅपटॉपला दिलं, ड्रायव्हर मॅनेजर उघडला, त्यानं चिप ओळखली, काम झालं. इथं मात्र माझं मन बराच वेळ रेंगाळलं. साऱ्या यंत्रात जे उघडं होतं ते सगळं पहिल्या झटक्यात चाललं आणि जे बंद होतं तिथंच अडलं.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचा उगम अशाच एका अडण्यात आहे. 1980 च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत नवा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. आधीच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये तिथले प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी सोय केली होती, की कागद अडकला तर वाट बघणाऱ्यांना निरोप जावा. नव्याचा मूळ कोड मिळेना. ज्याच्याकडं तो होता त्यानं कुणाला न देण्याचा करार केला होता. स्टॉलमनना ते फार लागलं. 1983 मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला: कुणीही वापरावी, उघडावी, बदलावी, वाटावी अशी पूर्ण प्रणाली. 1991 मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं आपल्या हौसेचं काम म्हणून तिला हवा असलेला गाभा, म्हणजे लिनक्स, लिहिला. दोन्ही एकत्र आलं आणि त्यावर हजारो हातांनी भर घातली. मिंट सुरू केलं आयर्लंडमध्ये राहणाऱ्या क्लेमां लफेव्र या फ्रेंच माणसानं, 2006 मध्ये.

सातारकर म्हणून मला हे परकं वाटत नाही. 1924 मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात जे वसतिगृह सुरू केलं, तिथं सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसायची. कुणी धान्य दिलं, कुणी श्रम. आणि मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. 1927 मध्ये गांधीजी येऊन त्याला शाहू महाराजांचं नाव देऊन गेले. धान्य देणाऱ्यानं त्यावर आपलं नाव घातलं नव्हतं आणि जेवणाऱ्याला ते विचारावंही लागलं नाही. मिंटचा मेनू मराठीत उघडतो तेव्हा मला त्या पंगतीची आठवण होते. कुणीतरी एकेक शब्द बसून मराठीत घातलेला असतो. पुण्यात रेड हॅट या लिनक्सच्या कंपनीत काम करणाऱ्यांनी, कॉलेजच्या मुलांनी, नोकरी सांभाळून रात्री बसणाऱ्यांनी हे काम केलं. 2004 च्या सुमारास लोहित नावाचे खुले फॉन्ट आले आणि लिनक्सवर भारतीय लिप्या नीट दिसू लागल्या. मराठी भाषांतर अजून सगळीकडं पुरं झालेलं नाही. काही ठिकाणी मराठी मेनूत मध्येच एखादी इंग्रजी ओळ राहून गेलेली दिसते. ती मला खटकत नाही. तिथं बसायला जागा मोकळी आहे असं वाटतं.

एवढी तयारी झाली ती ताईच्या सासऱ्यांसाठी. आप्पा साताऱ्याच्या कोर्टात मराठी टंकलेखक होते. मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा दिलेले, कार्बनच्या प्रती निघायच्या म्हणून चूक करायची सोयच नसलेले. आता पेन धरलं की हात थरथरतो. “कळ दाबताना मात्र थरथरत न्हाई बघ,” असं ते म्हणाले आणि त्यांनी जेवणाच्या टेबलावर बोटं नाचवून दाखवली. त्यांना कोर्टातली वर्षं लिहायची आहेत, साताऱ्यातली माणसं लिहायची आहेत.

मी इनस्क्रिप्ट लावून दिलं. भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली ही प्रमाण मांडणी मला मनापासून आवडते: डाव्या हाताला स्वर, उजव्याला व्यंजनं. मी त्यांना कऱ्हाड लिहून दाखवलं. ‘के’वर क, शिफ्ट धरून ‘जे’ दाबलं की ऱ, मग ‘डी’वर हलन्त, ‘यू’वर ह, ‘ई’वर काना, आणि चौकोनी कंसाच्या कळीवर ड. पडद्यावर ऱ आणि ह एकमेकांत मिसळून तो वळणदार अर्धा रकार उमटला, तेव्हा आप्पांनी चष्मा वर केला. “बरोबर आलं की!”

मग ते स्वतः बसले. ‘किल्ला’ लिहायला त्यांचं बोट आधी पहिल्या वेलांटीवर गेलं. टाइपरायटरवर तसंच असतं. कागद डावीकडून उजवीकडं भरत जातो, म्हणून जी खूण डावीकडं दिसते ती आधी ठोकायची. संगणक मात्र उच्चाराच्या क्रमानं चालतो, आधी क आणि मग वेलांटी. त्यामुळं पडद्यावर ठिपक्यांच्या एका रिकाम्या वर्तुळाला वेलांटी लटकलेली दिसली, बसायला अक्षर नाही. आप्पांनी ते पुसलं, पुन्हा ठोकलं, पुन्हा तेच. बोटांना पस्तीस वर्षं शिकवलेलं एका दुपारी कसं मोडायचं? मोडायचं तरी कशाला?

कळांच्या मांडण्यांच्या यादीत हिंदीसाठी टाइपरायटरच्या रेमिंग्टन धर्तीची मांडणी होती. ती लावल्यावर वेलांटीचं बरंच जुळलं, पण काही कळा त्यांच्या मशीनवर होत्या तिथं नव्हत्या. त्यांचं बोट ठाम जाई आणि भलतंच अक्षर येई. संध्याकाळी भाचीला फोन लावला. ती म्हणाली, “मावशी, ती मांडणी म्हणजे नुसती साधी मजकुराची फाइल आहे. उघड आणि बदल की.”

खरंच तसं होतं. एका कंसात एका बाजूला कळ, दुसऱ्या बाजूला तिनं द्यायचं अक्षर, अशा ओळींमागून ओळी. तिची एक प्रत आप्पांच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली, यादीत ती नव्या नावानं दिसायला लागली, आणि आम्ही कामाला लागलो. अडचण एवढीच, की कुठलं अक्षर कुठं हे आप्पांना तोंडानं सांगता येईना. मी विचारलं, “आप्पा, ळ कुठं होता?” ते थोडं थांबले, डोळे मिटले, मनात काहीतरी ठोकलं. त्यांची करंगळी टेबलावर जिथं आपटली, तिथली कळ मी बघितली आणि फाइलीत लिहिली. श, ष, ज्ञ, अर्धा त, रफार. ज्या अक्षराला बोटही अडलं, त्यासाठी ते एखादं कोर्टाचं वाक्य म्हणायचे, “सदर मिळकतीच्या चतुःसीमा येणेप्रमाणे,” आणि ओघात ते अक्षर बोटातून निघायचं. त्यांच्या हातांना आठवत होतं, त्यांना नव्हतं. त्यांच्या स्मृतीचा हा नकाशा कुठल्याही पुस्तकात नसेल. त्यांच्या मशीनचा मेकही त्यांना आता आठवत नाही.

अशी फाइल उघडू देणारं यंत्र नसतं तर आम्ही काय केलं असतं, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. आप्पांना नव्यानं शिकायला लावलं असतं, किंवा ते ‘आता जमणार नाही’ म्हणून उठले असते. घरोघरी अशी किती माणसं उठून गेली असतील.

सध्या आम्ही जोडाक्षरांपाशी अडलो आहोत. ‘स्थिती’ ठोकताना आधी वेलांटी येते, मग अर्धा स, मग थ. वेलांटी हातात धरून ठेव, पूर्ण अक्षर आलं की त्याच्यामागं लाव, असा नियम भाचीनं लिहून पाठवला आहे. साध्या अक्षरांना तो लागू पडतो, अर्ध्या अक्षरापाशी मध्येच हात सोडतो. ती म्हणते, रविवारी बसून बघू. तोवर आप्पांनी पाठकोऱ्या कागदांवर जोडाक्षरांची यादी करायला घेतली आहे, थरथरत्या पेनानं, पण ओळीत. त्यात ‘न्यायाधीश’ पहिलं आहे. परवा फोनवर त्यांनी विचारलं, ही फाइल पुरी झाली तर दुसऱ्या कुणाला देता येईल का. त्यांच्या बरोबरीचे दोन टंकलेखक कोरेगावला आहेत, एक तासगावला, आणि कोर्टाबाहेर झाडाखाली मशीन मांडून अर्ज करून देणाऱ्यांपैकी काहीजण अजून असतील. देता येईल, म्हटलं. पैसे? काही नाही. मग त्यांनी तासगावच्या माणसाकडं कुठला लॅपटॉप आहे ते विचारून ठेवतो असं सांगितलं, आणि पंखा साफ करायला कुठला ब्रश लागतो तेही लिहून घेतलं.